उभी गाडी, ओली हवा : जुन्या मोटारसायकलचे घरगुती पुनरुज्जीवन

जुन्या मोटारसायकलची दुर्दशा अतिवापराने होते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. धावत्या गाडीत पिस्टनच्या रिंगा, क्लच प्लेटा, ब्रेकचे लायनर, चेन आणि स्प्रॉकेट झिजतात. परंतु हे भाग झिजावेत आणि वेळोवेळी बदलले जावेत याच हेतूने घडवलेले असतात, त्यामुळे त्यांची झीज अपेक्षित, मोजता येण्याजोगी आणि बहुधा थोड्या खर्चात भरून निघणारी असते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे नुकसान निराळ्या जातीचे असते. टाकीत पेट्रोलचा चिकट साका बसतो, सिलिंडरच्या भिंतीला गंज धरून पिस्टन जागीच अडकतो, रबरी सील वाळून तडकतात, विजेच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो आणि टायर एका बाजूवर दबून आकार गमावतात. ही हानी बाहेरून फारशी दिसत नाही आणि सगळीकडे एकाच वेळी चाललेली असते. घरच्या घरी जुनी मोटारसायकल चालती करणे म्हणजे मुख्यत्वे उभे राहण्यातून झालेल्या या हानीचा हिशेब चुकता करणे होय, आणि ही गोष्ट एकदा ध्यानात आली की कामाचा क्रम, खर्चाची दिशा आणि कोठे थांबावे, हे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

मावळची हवा, मावळातल्या गाड्या

तळेगाव दाभाडेला लागून असलेले वराळे हे गाव या विषयाच्या दृष्टीने मोक्याच्या ठिकाणी आहे. त्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात, वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगाव आणि चाकणच्या दिशेने हे प्रमाण झपाट्याने उतरत जाते, तरी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हवेतील दमटपणा वराळ्यासारख्या गावातही दिवसेंदिवस हटत नाही. लोखंडाला गंज चढण्यासाठी त्यावर प्रत्यक्ष पाणी पडावे लागत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास गेली की धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते, म्हणून पडवीत, ताडपत्रीखाली, पावसापासून पूर्ण सुरक्षित ठेवलेली गाडीही मावळात गंजते. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली तर जमिनीतून वर येणारी ओल आतच कोंडली जाते आणि उघड्या छपराखाली झाले असते त्याहून अधिक नुकसान होते.

दुसरी गोष्ट उद्योगाची. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाल्यानंतर मावळातील गावांना पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डीच्या कारखान्यांत रोज जाऊन येणे सोयीचे झाले. पुढे बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात १९९९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि तळेगाव, आंबी, नवलाख उंबरे या भागांतही औद्योगिक वसाहत वाढली. लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग ही कामे जाणणारी माणसे आणि ती करून देणारी छोटी वर्कशॉप येथून जवळच्या अंतरावर आहेत, त्यामुळे घरगुती पुनरुज्जीवनाला लागणारा बाहेरचा आधार या टापूत इतर अनेक ग्रामीण भागांपेक्षा सहज मिळतो.

या भागातील घरांत उभ्या असलेल्या गाड्यांच्या ढोबळमानाने तीन पिढ्या दिसतात. पहिली पिढी परवाना-पद्धतीच्या काळातली : मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेली एनफिल्ड बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनवलेली जावा आणि १९७३ नंतर त्याच कारखान्यातून आलेली येझदी, तसेच पोलिश रचनेवर आधारलेली एस्कॉर्ट्सची राजदूत. दुसरी पिढी १९८० च्या दशकातील जपानी सहकार्याची असून तिच्यात १९८४ ची इंड-सुझुकी, १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, आणि १९८६ ची कावासाकी बजाज केबी १०० यांचा समावेश होतो. तिसऱ्या पिढीत बजाज बॉक्सर, कॅलिबर आणि २००१ च्या अखेरीस बाजारात आलेली पहिली पल्सर या गाड्या येतात. वराळ्याहून चाकणच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर जिचा कारखाना आहे ती पल्सरही आता जुन्या गाड्यांत मोडू लागली आहे. पिढी ओळखणे महत्त्वाचे ठरते, कारण तिच्यावरून सुटे भाग मिळण्याची शक्यता, विजेचे दाब आणि पान्यांची मापेदेखील ठरतात : जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश आट्यांचे नट-बोल्ट अनेक ठिकाणी आढळतात आणि त्यांवर मिलिमीटरचा पाना चालवला तर नटाचे कोपरे गोल होऊन तो काढणेच अशक्य होते.

आधी निदान, मग पाना

घरगुती प्रयत्न बहुधा पहिल्याच दिवशी फसतात, कारण उत्साहाच्या भरात संपूर्ण गाडी सुटी केली जाते आणि काही महिन्यांनी खोकी, डबे आणि अर्धवट आठवणी एवढेच उरते. गाडी कोणत्या कारणाने थांबली होती, हे शोधणे हे पहिले काम आहे. ती चालत्या स्थितीत उभी केली होती, की इंजिनाने मार खाल्ला म्हणून उभी राहिली, या दोन शक्यतांमध्ये खर्चाचा मोठा फरक असतो. किक मारण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, ते काही दिवस मुरू द्यावे आणि नंतर क्रँकच्या टोकाच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरते का ते पाहावे. गंजलेल्या सिलिंडरवर थेट किकचा जोर दिला तर चिकटलेल्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडून केवळ सफाईने सुटणारे काम सिलिंडर कापून मोठा करण्यापर्यंत जाऊन पोहोचते. गिअरबॉक्सचे तेल थोडे बाहेर काढून पाहिले तर तेही बरेच सांगते : दुधाळ रंग म्हणजे आत पाणी शिरले आहे, आणि चकाकणारे बारीक कण म्हणजे कोठले तरी बेअरिंग किंवा दात झिजले आहेत.

हे झाल्यावर प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढावीत, त्यांत वायरिंगचे रंग आणि केबलींचे मार्ग स्पष्ट दिसावेत, आणि एका वेळी एकच विभाग उघडून त्याचे नट-बोल्ट नाव लिहिलेल्या स्वतंत्र पिशवीत ठेवावेत. जपानी गाड्यांच्या इंजिनावरील फुली-खाचेचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरला नेमके बसत नाहीत, कारण जपानी मानकाची खाच किंचित वेगळी असते. चुकीच्या हत्याराने खाच घासली जाते, म्हणून योग्य टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीच्या ठोक्याने वळणारा स्क्रू ड्रायव्हर, ही या कामातील पहिली खरेदी असावी.

याच टप्प्यावर किती बदलायचे, हा प्रश्न उभा राहतो. ऐतिहासिक वाहनांसाठी काम करणाऱ्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एफआयव्हीए या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापन यांत भेद करते : आहे ते टिकवणे ही पहिली पायरी, हानी थांबवून स्थिर करणे ही दुसरी, आणि हरवलेले भाग पुन्हा घडवून मूळ रूप परत आणणे ही तिसरी, जेथे पहिली पुरेशी आहे तेथे तिसरी करू नये, असा तिचा एकंदर रोख आहे. हा विचार संग्रहालयांसाठी मांडलेला असला तरी घरगुती कामालाही तो तंतोतंत लागू पडतो, कारण कंपनीने कारखान्यात लावलेला मूळ रंग, मूळ बिल्ला किंवा मूळ क्रोमचा भाग एकदा घासून टाकला की कितीही पैसे मोजून तो परत मिळत नाही, आणि बाजारातील नव्या नकली भागापेक्षा थोडा डागाळलेला मूळ भाग बहुधा जाड, टिकाऊ आणि अचूक मापाचा असतो.

टाकी आणि कार्ब्युरेटर

बंद गाडीची सुरुवात इंधनापासून होते. पेट्रोल दीर्घकाळ पडून राहिले की त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेला भाग हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून राळेसारखा चिकट होतो. हीच राळ कार्ब्युरेटरच्या सर्वांत बारीक भोकांत जाऊन बसते. अलीकडच्या काळात यात इथेनॉलची भर पडली आहे. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते, आणि इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेत असल्यामुळे दमट प्रदेशात टाकीच्या तळाशी पाणीमिश्रित थर वेगळा होऊन साचण्याचा धोका असतो. लोखंडी टाकी तेथूनच आतून गंजू लागते. १९८० किंवा १९९० च्या दशकातील रबरी नळ्या, गॅस्केट आणि फ्लोटच्या सुईची टोके या मिश्रणासाठी बनवलेली नसल्याने फुगतात किंवा कडक होतात, म्हणून जुनी गाडी चालती करताना हे भाग इथेनॉल सहन करणाऱ्या फ्लोरोरबराचे बसवून घेणे हा खर्च टाळण्याजोगा नाही.

टाकीतील गंज काढण्यासाठी किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड पुष्कळदा पुरेसे होते. जुने पेट्रोल मोकळ्या हवेत पूर्ण रिकामे करून टाकी साबणाच्या पाण्याने धुवावी, पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करावे, कोमट पाण्यात विरघळवलेले ॲसिड काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवावे आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उरलेली आम्लता मारावी. यानंतरची काही मिनिटे कळीची असतात, कारण उघडी पडलेली स्वच्छ धातू ओलसर हवेत लगेच पुन्हा तांबूस होऊ लागते. केस वाळवण्याच्या यंत्राने टाकी आतून वाळवून तीत लगेच थोडे टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे, तेल फिरवले तर हा गंज टळतो. टाकीला छिद्र असेल तर मात्र घरी वेल्डिंगचा विचारही करू नये, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ स्फोटाला पुरेशी असते.

कार्ब्युरेटर हा इंधन आणि हवा यांचे ठरावीक प्रमाणात मिश्रण करणारा भाग. जावामध्ये तो जिकोव्ह बनावटीचा तर आरएक्स १०० सारख्या गाड्यांत मिकुनी रचनेचा असतो. त्यातील पायलट जेट गाडी जागेवर चालू असताना आणि मेन जेट पूर्ण वेगात इंधन पुरवते, तर मधल्या टप्प्यात स्लाइडला जोडलेली निमुळती सुई प्रमाण सांभाळते, त्यामुळे गाडी कोणत्या स्थितीत अडखळते यावरून दोष कोणत्या भागात आहे हे ओळखता येते. जेटच्या भोकाचे माप मिलिमीटरच्या शतांशांत ठरलेले असल्याने त्यात तार किंवा सुई घालणे म्हणजे ते कायमचे मोठे करणे होय. कार्ब क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा एवढेच साधन येथे योग्य ठरते.

इंजिन : घरी काय, लेथवर काय

टू-स्ट्रोक इंजिनाचे काम समजल्याशिवाय त्याचे सर्वांत मोठे दुखणे समजत नाही. त्यात फोर-स्ट्रोकसारख्या कॅमने उघडझाप होणाऱ्या झडपा नसतात. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवा आणि पेट्रोलचे मिश्रण ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या मार्गांनी सिलिंडरमध्ये चढते. क्रँककेस अशा रीतीने पंपाचे काम करत असल्यामुळे ती हवाबंद असणे अनिवार्य असते, आणि ती हवाबंद ठेवण्याची जबाबदारी क्रँकच्या दोन्ही टोकांवरील रबरी ऑइल सीलवर असते. उभ्या गाडीत या सीलच्या कडा वाळतात. मॅग्नेटच्या बाजूचा सील गळू लागला की बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, पेट्रोलबरोबर येणारे वंगण कमी पडते आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला चिकटून इंजिन सीज होते. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरबॉक्सचे तेल ओढले जाऊन सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी उतरत राहते. येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० चालती करताना इंजिन चांगले वाजत असले तरी हे दोन सील आधी बदलावेत, असा जाणत्या मेकॅनिकांचा आग्रह असतो तो याच कारणाने. मॅग्नेट काढण्यासाठी त्या मॉडेलचा पुलर वापरावा लागतो. हातोडीने ठोकून मॅग्नेट काढला तर क्रँकचे टोक वाकते.

फोर-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे बुलेट, सीडी १०० किंवा पल्सरमध्ये, क्रँककेसमध्ये तेल साठवलेले असते आणि झडपांची उघडझाप कॅम करतो. येथे उभे राहण्याचे परिणाम तेलाचा गाळ, झडपांच्या बैठकीवरचा गंज आणि घट्ट झालेल्या रिंगा या रूपांत दिसतात. तेल आणि तेलाची जाळी बदलून, टॅपेटची फट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे लावून आणि इंजिन काही वेळा सावकाश फिरवून घेतल्यानंतरच कॉम्प्रेशनचे मोजमाप करावे, कारण पहिल्या मोजणीत कमी आलेला दाब रिंगा मोकळ्या झाल्यावर पुष्कळदा सुधारतो आणि अनावश्यक बोअर टळतो.

सिलिंडर खरोखरच झिजला किंवा ओरखडला असेल तर तो मोठ्या मापाला कापून घेण्याशिवाय इलाज राहत नाही. या कामाला बोअर करणे म्हणतात, आणि त्यासाठी पिस्टन बहुधा मूळ मापापेक्षा पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशा चढत्या मापांत बनवलेले असतात. आरएक्स १०० चा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटरचे असून ३५० सीसीच्या बुलेटचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे, यावरून एका बोअरने किती धातू कमी होते याची कल्पना येते. पिस्टन आधी खरेदी करून तो लेथवाल्याकडे सिलिंडरबरोबर द्यावा, म्हणजे प्रत्यक्ष त्या पिस्टनच्या मापाला फट राखून सिलिंडर कापता येतो. क्रँकचे बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड बदलण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि क्रँकच्या दोन चकत्या मिलिमीटरच्या शतांशांपर्यंत एका रेषेत याव्या लागतात, त्यामुळे हे काम घरी करू नये. भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक भागांत हे करून देणारी वर्कशॉप आहेत. खोलणे, धुणे, मापणे, पॅकिंग आणि सील बदलणे, जोडणे ही कामे घरची, आणि कापणे, दाबणे, प्लेटिंग ही कामे बाहेरची, अशी वाटणी केली की चुका कमी होतात. सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठेचा बाजार आणि मंगळवार पेठेतील जुना बाजार हे दोन पर्याय जुन्या गाड्यांच्या मालकांना परिचित आहेत. जुन्या बाजारातला मूळ कंपनीचा वापरलेला भाग आणि नाना पेठेतला नवा पण स्थानिक बनावटीचा भाग यांत निवड करताना तो भाग वजन पेलतो, तापतो की केवळ दिसतो, यावर निर्णय अवलंबून असावा.

ठिणगी आणि वायरिंग

जुन्या गाडीत ठिणगीचे तंत्र दोन प्रकारचे असते. बुलेट, जावा, राजदूत यांत सीबी पॉइंट म्हणजे उघडझाप करणारा यांत्रिक स्विच असतो. त्याची फट सामान्यतः मिलिमीटरचा एक-तृतीयांश ते चार-दशांश ठेवतात आणि तो पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी नेमका किती अंतरावर उघडतो यावर इंजिनाची ताकद आणि आयुष्य अवलंबून असते. बऱ्याच दिवसांनंतर पॉइंटांवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि ठिणगी येत नाही. बारीक पॉलिश पेपरने तो पुसून, शेवटी स्वच्छ कागदाने पॉइंट कोरडे केले की मृत समजली जाणारी कितीतरी इंजिने सुरू होतात. ठिणगी येते पण पॉइंटांवर जळकट खड्डे पडतात, असे असेल तर कंडेन्सर बदलावा. नंतरच्या गाड्यांत सीडीआय हा इलेक्ट्रॉनिक डबा हे काम करतो आणि त्यात लावण्यासारखे फारसे काही नसते.

वायरिंगमधील बरेचसे दोष अर्थिंगचे असतात. मोटारसायकलमध्ये बॅटरीचे एक टोक थेट सांगाड्याला जोडलेले असते आणि परतीचा प्रवाह धातूतूनच वाहतो, त्यामुळे सांगाड्याला नवा रंग किंवा पावडर कोटिंग केल्यानंतर दिवे मंद होणे, हॉर्न बसणे, इंडिकेटर अडखळणे हे प्रकार सर्रास दिसतात. रंग हा विजेचा दुर्वाहक असल्याने अर्थच्या प्रत्येक बोल्टखाली तो खरवडून काढावा लागतो. जावा, राजदूत आणि जुन्या बुलेटमध्ये सहा व्होल्टची रचना असून त्यात प्रवाह अधिक असल्यामुळे गंजलेल्या जोडणीचा परिणाम बारा व्होल्टच्या गाडीपेक्षा जास्त जाणवतो, म्हणून बारा व्होल्टमध्ये रूपांतर करण्याआधी सगळ्या जोडण्या स्वच्छ करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

ब्रेक, चाके आणि टायर

इंजिन सुरू झाले की गाडी रस्त्यावर नेण्याचा मोह होतो, परंतु थांबण्याची व्यवस्था सुरू होण्याच्या व्यवस्थेइतकीच जुनी झालेली असते. ड्रम ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्यामुळे त्याची धूळ हवेने उडवू नये किंवा ब्रशने झटकू नये; ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१९ हा आकडा २०१९ सालातील तेविसावा आठवडा सांगतो. दात शिल्लक असले तरी बाजूला तडे गेलेला किंवा दहा-बारा वर्षांचा टायर वापरू नये. चाकाचे आरे गंजून तुटले असतील तर नवे बसवून चाकाचा आउट काढून घ्यावा, आणि स्टिअरिंगचा कोन सेट, चाकांची बेअरिंग व पुढच्या फोर्कचे सील यांची तपासणी त्याच वेळी करावी, कारण चाके उतरलेली असताना हे काम निम्म्या कष्टात होते.

गंज, क्रोम आणि रंगाचे दिवस

लहान लोखंडी भागांचा गंज विद्युत-विघटनाने काढण्याची पद्धत घरगुती कामात उपयोगी पडते. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडला की गंज सुटत जातो आणि चांगली धातू अबाधित राहते. यात हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम मोकळ्या जागेतच करावे, टाकाऊ तुकडा म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून घातक संयुगे तयार होतात, आणि ॲल्युमिनियमचे किंवा क्रोम असलेले भाग या बादलीत घालू नयेत.

क्रोमचा चकाकता थर अत्यंत पातळ असून त्याच्याखाली निकेलचे जाड आवरण असते. गंज वरून दिसतो तो या आवरणातील सूक्ष्म छिद्रांतून वर आलेला असतो. ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला तर वरवरचा गंज निघतो आणि नव्याने प्लेटिंग करण्याची गरज अनेकदा टळते.

रंगाच्या बाबतीत मावळात ऋतूकडे दुर्लक्ष करून चालत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर जमते आणि ओल्या रंगावर दुधाळ पटल येते. हा दोष पावसाळ्यात हमखास उद्भवतो. त्यामुळे वर्षाच्या कामाची नैसर्गिक वाटणी अशी होते की पावसाळ्यात खोलणे, इंजिन, वायरिंग, सुट्या भागांचा शोध आणि कागदपत्रे, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत घासणे, प्राइमर आणि रंग. गंज उतरवून स्वच्छ केलेला भाग त्याच दिवशी प्राइमरखाली जायला हवा. दोन घटकांच्या रंगाचा कडक करणारा घटक आयसोसायनेट वर्गातला असून तो साध्या मुखपट्टीने अडत नाही आणि दम्यासारखा विकार कायमचा जडवू शकतो, म्हणून अशा रंगाची फवारणी घरच्या पडवीत न करता व्यावसायिक रंगशाळेकडे द्यावी.

कागद आणि कायदा

चालती झालेली गाडी रस्त्यावर येण्याचा हक्क कागदांवरून मिळतो, त्यामुळे इंजिनावर पैसे खर्चण्याआधी कागदपत्रे पाहिलेली बरी. वराळे पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ कार्यालयाच्या कक्षेत येते. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नमुना २५ भरून, गाडी निरीक्षकाला दाखवून, ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते; वीस वर्षांवरील दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार रुपये झाले असून राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाने नमुना ३१ द्वारे मालकी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. पीयूसी या प्रदूषण चाचणीत मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे, म्हणजे टू-स्ट्रोक गाडी नीट जुळवली असेल तर तिच्या काळाच्या कसोटीवर ती उतरू शकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही; इंजिन बदलले किंवा रंग पालटला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि इंजिन व चेसिसच्या क्रमांकांवर ग्राइंडर किंवा जाड रंग चढवणे ही चूक पुढे फार महागात पडते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवावी लागते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकींसाठी व्हिंटेज नोंदणी सुरू केली असून तिचे शुल्क वीस हजार आणि नूतनीकरणाचे पाच हजार रुपये आहे. ती दहा वर्षे टिकते, मात्र अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून जावा आणि राजदूतच्या जुन्या मालकांनी ही नोंदणी घेण्यापूर्वी गाडी वापरायची आहे की जपायची, हे ठरवून घेणे योग्य.

चालती ठेवणे

सुरुवातीला मांडलेला हिशेब येथे पूर्ण होतो. गाडी उभी राहून बिघडली असेल तर ती टिकवण्याचा उपायही वापर हाच आहे, आणि तो नियमित हवा : पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवली की आत जमलेली ओल वाफ होऊन बाहेर पडते, तर जागच्या जागी दोन मिनिटे सुरू करून बंद केलेल्या इंजिनात ज्वलनातून निघालेले पाणी थंड भिंतींवर साचून राहते आणि ते सुरू न केल्याहून अधिक नुकसान करते. ज्यांना पावसाळ्यात गाडी काढायचीच नाही त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले इंधन संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, बॅटरी काढून घरात न्यावी, गाडी डबल स्टँडवर घेऊन टायरांवरचा भार उतरवावा आणि तिच्यावर ताडपत्रीऐवजी हवा खेळू देणारे सुती आवरण घालावे. जावा आणि येझदीचे मालक दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे ऐन पावसात, आपल्या गाड्या बाहेर काढून आंतरराष्ट्रीय जावा दिवस साजरा करतात, त्यात हौसेइतकीच यंत्राची समजही आहे.

पुनरुज्जीवन पुरे झाले की नाही, हे रंगाच्या चकाकीवरून किंवा पहिल्या दिवशी सुरू झालेल्या इंजिनावरून ठरत नाही, कारण नवा रंग आणि नवे तेल कोणतीही गाडी चार दिवस चालवून दाखवतात. बदललेले सील, स्वच्छ टाकी, पक्के अर्थिंग आणि नेमाने चाललेली गाडी पुढचा एक पावसाळा पार करून ऑक्टोबरात दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू झाली, तर काम झाले असे समजावे. आणि न झाली, तर दोष बहुधा गाडीच्या वयात नसून मधल्या चार महिन्यांत ती जशी ठेवली गेली त्यात असतो.